सतरा धावा, अंजर्ले

आमच्या घरात नकाशा कुणालाच वाचता येत नाही,
स्कोअरबुक मात्र सगळ्यांना येतं.
म्हणून चिपळूण सुटलं की शशीआत्या
हिरवी वही मांडीवर घ्यायची.
किलोमीटरला एक धाव,
एसटीला मागे टाकलं तर चौकार
(आईच्या मते नो-बॉल),
कोंबडी आडवी आली तर डॉट.
शृंगारतळीला टायर बसला: जखमी निवृत्त.
वळणावर निनादला उलटी झाली,
आत्यानं न बघताच वाईड लिहिला.

पुढच्या सीटवरून बाबांचे प्रश्न सुरूच.
जो चुकेल त्यानं धोपाव्याला उतरून
सगळ्यांचं कोकम सरबत आणायचं.
"बॅटची रुंदी?"
"सव्वाचार इंच."
"खेळपट्टी?"
"बावीस यार्ड," निनाद, तोंडात लिंबाची फोड धरून.
"बाद व्हायचे प्रकार?"
"दहा," मी.
"अकरा," आत्या, "निवृत्त झालेला धरला तर."
"का धरायचा?"
"का नाही धरायचा?"
या वादात रानवीचा चढ गेला, खाडी दिसायला लागली.
"बारा," आई म्हणाली, खिडकीबाहेर बघत,
"तुमच्या घरात लग्न करणं."

फेरीबोटीवर आमची व्हॅन शेवटची,
पुढे जांभ्याचा ट्रक, मागे खाडीचं पाणी.
तिकीटवाला वहीत डोकावला.
"हिशोब कसला मांडलाय, मावशी?"
"सामना चाललाय."
"कोन जिंकतंय?"
आत्यानं पेन कानामागे खोचलं.
"अजून तरी रस्ता."

अंजर्ल्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती,
वाळू टणक, ओली, दूरवर सपाट.
झावळीचे तीन देठ रोवले,
त्यांवर दोन शंख, बेल म्हणून.
दुसऱ्याच चेंडूला डावी बेल
उठली आणि चालत गेली.
आत खेकडा होता.
निनाद "आउट! आउट!" करत नाचला.
बाबांनी बोट वर केलं नाही:
"बेल आपण होऊन गेली, तर फलंदाज आत."

मग आत्या.
पन्नाशी उलटलेली, चपला बाजूला,
पदर खोचून, चष्मा बाबांच्या खिशात.
तिनं डोळे मिटून बॅट फिरवली असावी,
कारण चेंडू कुठे गेला ते
तिनंच आम्हाला विचारलं.
लाटेच्या दिशेनं, आईच्या बाजूला,
आणि मग कुठेच नाही.

आता इथे नियम असा होता
(तेव्हा होता, पुढे काढून टाकला):
चेंडू सापडत नसेल
तर क्षेत्ररक्षकानं "लॉस्ट बॉल" ओरडायचं,
फलंदाजाला सहा धावा, पळून जास्त झाल्या असतील तर तेवढ्या.
पण ओरडणार कोण?
बाबा गुडघाभर पाण्यात फेसाला लाथा मारत,
निनाद वाळूत पालथा, हसून हसून,
आणि मी धावा मोजत.
चार. सात. अकरा.
आत्या पळत होती,
मधेच थांबून कमरेवर हात, परत पळत होती.
आई सीमारेषेवर शेंगदाणे सोलत उभी.
सतरा झाल्या, तेव्हा आत्या आपणहून बसली
आणि म्हणाली, "मला वही द्या."

परवा आईनं सांगितलं,
फणसाचे गरे काढता काढता, हाताला तेल लावून,
की तो चेंडू समुद्रात गेलाच नव्हता.
तिच्या पायाशी आला होता.
तिनं तो पिशवीत टाकला, आमसुलांच्या पुडीखाली.
"अगं, का?"
"शशीवन्संना इतकं पळताना
मी कधी बघितलंच नव्हतं."

बाबा ताडकन उठले. म्हणजे चेंडू मैदानातच होता!
म्हणजे आईनं फेकला असता तर
आत्या दुसऱ्याच धावेला धावबाद!
लगेच फोन लावला, स्पीकरवर टाकला,
दुरुस्ती करायलाच हवी म्हणाले, नोंद चुकीची आहे.

पलीकडे आत्यानं सगळं ऐकून घेतलं.
मागे तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.
"शाईनं लिहिलंय," ती म्हणाली,
"आणि पंच तेव्हा पाण्यात होता."